झूराकान एजेकडे जा, माझं नाव सांगा

१२ मे

त्या पांढऱ्या दातांच्या बाईचं म्हणणं असं, की प्रवासाचा ब्लॉग सुरू करणाऱ्यानं आधी स्वतःपुरती रोजनिशी ठेवावी. मनात येईल ते लिहावं, कुणाला दाखवू नये. म्हणून ही वही. बाई इंटरनेटवर असते. नवख्या लोकांसाठी तिचे अकरा सल्ले आहेत. ते मी नारीनच्या वाचनालयातून छापून आणले आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवले. गुल्सुननं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, पीठ मळता मळता विचारलं, "हे काय?"

"माझं नवं काम."

"जुन्याचं काय झालं?"

जुन्याचं काय झालं ते तिला पक्कं ठाऊक आहे. बावीस वर्षं नारीन ते बिश्केक प्रवासी गाडी हाकली आणि कंबर गेली. डॉक्टर म्हणाला, मुकाश, आता दिवसाला एक तास, त्याच्या वर नाही. एका तासात नारीनहून माणूस कुठे पोचतो? पुढच्या गावाच्या कोंबड्या दिसतात फक्त.

सल्ला पहिला: जे तुम्हाला सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे, त्यावरच लिहा. मला त्या रस्त्यावरचा एकूण एक खड्डा ठाऊक आहे. तसं बोललो तर गुल्सुन म्हणाली, "मग खड्ड्यांवर लिही."

तिला टोमणा मारायचा होता, पण मला पटलं.

१९ मे

खड्ड्यांवर लिहिलं. भाषांतराचं यंत्र ते इंग्रजीत करतं, कसं करतं ते देव जाणे. सात दिवसांत चार वाचक आले. एक मी, एक वाचनालयातली बाई, एक पुन्हा मीच, गुल्सुनच्या फोनवरून. चौथ्या माणसानं खाली लिहिलंय की पंचावन्नाव्या किलोमीटरच्या खड्ड्यात त्याच्या गाडीचा आस तुटला होता आणि तेव्हा मी कुठे होतो.

२३ मे

सल्ला तिसरा: फोटोत मनमोकळं हसा. हसलो. गुल्सुननं फोटो काढला. बघितला तर वरचे चारही सोन्याचे दात उन्हात असे चमकलेत की चेहरा दिसतच नाही. तरी टाकला. वाचक तीन झाले.

या बाईनं आयुष्यात कधी गिअर तरी बदललाय का, मला शंका आहे.

६ जून

कालच सारी-बुलाकहून आलो. एजेचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, तंबू लावायला गेलो होतो. दर उन्हाळ्यात ती वरच्या कुरणावर जाते, गावातल्या लोकांची जनावरं चारायला नेते. यंदा पहिल्यांदाच एकटी. आमचे बैतिक जेझदे, म्हणजे तिचा नवरा, गेल्या सप्टेंबरात गेले.

कळपातल्या बहुतेक मेंढ्या लोकांच्या. तिचे स्वतःचे सात मेंढे, गळ्यात लाल चिंधी बांधलेले. सप्टेंबरात जेझदेंचं वर्षाचं जेवण घालायचंय, त्यासाठी राखलेले. तीन गावं येतील. एजे म्हणाली, "माणूस आयुष्यभर दुसऱ्याची जनावरं राखत राहिला. वर्षाला तरी लोकांनी पोटभर खाऊन त्याचं नाव घ्यावं. मला यंदा दुसरं काही नको." मी म्हटलं, "मी आहे ना." आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो, एजे सोळाची. मला तिनंच वाढवलं. स्वतःचं लग्नसुद्धा तिनं मी हाताशी आल्यावर केलं. तिच्यासाठी एवढं म्हणायला काय लागतं?

तंबूचा वरचा लोकरीचा नमदा बांधत होतो तेव्हा गारा सुरू झाल्या आणि एक सायकलवाला गोरा येऊन दारात उभा राहिला. निळा पडलेला. एजेनं त्याला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. चुलीपाशी बसवला, अंगावर जेझदेंचा कोट घातला, नान, साय, गरम रस्सा. पोरगा रडायला लागला. निघताना खिशात हात घातला तर एजेनं त्याच्या हातावर चापट मारली. देवानं पाठवलेल्या पाहुण्याकडून कुणी काही घेतं का?

खाली रस्त्याकडेच्या तंबूवाल्यांनी दरांच्या पाट्या लावल्यात, आंघोळीचा वेगळा दर. आणि वर माझी एजे. माझी छाती अशी फुगली की कंबर विसरलो.

आता मला विषय मिळाला.

७ जून

लिहिलं. आजवर असं काही लिहिलं नव्हतं. थोडं इथे उतरवून ठेवतो:

"हॉटेलं सोडा. खरं किर्गिझ घर बघायचं तर सारी-बुलाकला माझ्या बहिणीकडे जा. झूराकान एजेकडे जा, माझं नाव सांगा. पैसे देऊ नका, आमच्यात तो अपमान समजतात. वाढलेलं नको म्हणू नका, तोही अपमान. दुसऱ्यांदा वाढलं तर दुसऱ्यांदा खा. उठायची घाई करू नका, तीन दिवस तर तुम्हाला कुणी विचारणारच नाही."

खाली रस्ता दिला, तिसऱ्या ओढ्यापासून डावीकडे. नवव्या सल्ल्यात म्हटलंय, वाचकाला नेमका पत्ता द्या.

१६ जून

नऊ हजार लोकांनी वाचलं. मी गुल्सुनला फोन दाखवला. ती म्हणाली, "नारीनची वस्तीसुद्धा एवढी नसेल." आहे, चांगली चौपट आहे, पण तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

२२ जून

वर फोन लागत नाही. एजेला टेकडीवर चढून जावं लागतं, म्हणून ती मोजकं बोलते. आज दुधाच्या ट्रकवाल्याबरोबर निरोप आला: पीठ पाठव. मागच्या वेळी महिन्याचं पीठ दिलं होतं, ते संपलं म्हणजे घर भरलेलं असणार. बरं झालं. जेझदे गेल्यापासून एकटी बसून कुढत होती, आता माणसांचा राबता आहे. दोन पोती पाठवली.

२८ जून

लोक फोटो टाकतायत. सहा कोरियन एजेच्या तंबूसमोर. दोन जर्मन, हाताला चरबी लागलेली, खाली लिहिलंय: मुकाशनं सांगितल्याप्रमाणे दुसऱ्यांदा खाल्लं, तिसऱ्यांदाही. एका फोटोत एजे मागे उभी आहे. जरा बारीक दिसते. डोंगराची हवा.

२ जुलै

वाचनालयात माझं भाषण झालं: प्रवासाचा ब्लॉग सुरू करणाऱ्यांना सल्ला. सात जण आले, त्यांतले दोघे पावसातून आत आले होते. मी दीड तास बोललो. सांगितलं, त्या दातवाल्या बाईचं ऐकू नका. ब्लॉग म्हणजे काय? आपल्याकडे जे सोनं आहे ते जगाला दाखवायचं. एकदम घरातलं, काळजातलं. हात राखून लिहू नका.

एका आजोबांनी विचारलं, "ते तुमच्या बहिणीचं लिहिलंत, बहिणीला विचारलं होतं का?"

मी म्हटलं, "आजोबा, पाहुणा आला तर माझ्या बहिणीला आनंदच होतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. आजोबांनी नाही डोलावली, पण त्यांना ऐकूही कमी येत असावं.

१३ जुलै

निरोप: पीठ, साखर, चहा, साबण. पुढे ट्रकवाला म्हणाला, "आणि एजे विचारतायत, तू कधी येतोस." सांगितलं, सध्या फार काम आहे. खोटं नव्हतं. दिवसाला चाळीस जणांना उत्तरं लिहावी लागतात. रस्ता कुठून, कुत्रा चावतो का, मांस न खाणाऱ्यांचं काय.

गुल्सुन मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "रोज मटण दिसतंय फोटोत. कोणती जनावरं कापते एजे?"

"असतील कुठलीतरी."

"कुठली? तिथली जनावरं गावची आहेत."

"तू पीठ मळ," मी म्हटलं. तिनं पीठ माझ्यापुढे सारलं आणि बाहेर निघून गेली. मग मीच मळलं. नान चिवट झाला.

२९ जुलै

मारेक येतोय. पोलंडचा आहे, प्रवासावर लिहिणाऱ्यांत मोठं नाव, दहा लाख लोक वाचतात त्याला. त्यानं स्वतः मला पत्र घातलं: तुमच्यासोबत तुमच्या बहिणीकडे जायला आवडेल. मी हजामत करून घेतली. नवा शर्टही घेतला. ट्रकवाल्याबरोबर एजेला निरोप धाडला: फार मोठा माणूस आणतोय, घराची शोभा राख.

४ ऑगस्ट

कंबरेचे अगदी तीन तेरा वाजलेत, तरी लिहायला बसलोय. दर तासाला थांबत थांबत सारी-बुलाकला पोचलो. तंबूबाहेर आधीच पाच सायकली, एक मोटारसायकल. आत गर्दी. एजे मला बघून हसली, गाल बसलेत तिचे. "आलास," म्हणाली. तेवढंच.

मारेकला मी सगळ्यात वरच्या बाजूला, मानाच्या जागी बसवलं आणि समजावून सांगितलं: मेंढ्याचं डोकं येईल, ते मुख्य पाहुण्यापुढे ठेवतात. घरच्या माणसापुढे कधीच नाही, पाहुण्यापुढेच. म्हणजे तुझ्यापुढे. घाबरू नकोस, कान कापून शेजाऱ्याला द्यायचा. तो वहीत लिहून घेत होता.

आणि काय झालं सांगू? एजे ताट घेऊन आली, मारेकवरून पुढे गेली आणि डोकं माझ्यापुढे ठेवलं. सगळ्यांसमोर. "घे मुकाश," म्हणाली, "लांबून आलास."

 एवढा मान. नऊ हजारांचे आता साठ हजार झालेत, तिच्यापर्यंत पोचलं असणार. डोळ्यांत पाणी आलं. कान कापून मारेकला दिला. तो मात्र विचित्र नजरेनं आमच्या दोघांकडे पाहत होता, नाराज झाला असावा.

परतीच्या वाटेवर त्यानं यंत्रात बोलून विचारलं, "तुमची बहीण सामानाच्या गाड्यात का झोपते?" मी म्हटलं, गाड्यात कशाला झोपेल? तो म्हणाला, मी तोंड धुवायला मागे गेलो होतो, गाड्यात तिचं अंथरूण होतं. तंबूत तिला जागाच नाही.

परदेशी लोकांना काहीही दिसतं.

५ ऑगस्ट

सकाळी गुल्सुनला डोक्याची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, खूश होईल. तिनं चहाची वाटी खाली ठेवली.

"तुला दिलं? तुझ्या बहिणीनं?"

"सगळ्यांसमोर."

"मुकाश, तू त्या घरात पाहुणा आहेस का?"

मी म्हटलं, कौतुकानं दिलं असेल. ती उठली. कपाटाकडे पाठ करून उभी राहिली. मग म्हणाली, "बावीस वर्षं गाडी चालवलीस, समोरचं दिसत नव्हतं तरी कशी चालवलीस रे?"

 आता हळूहळू आठवतंय. काल चुलीशेजारी एक लाल चिंधी पडली होती. मी तिला बूट पुसले.

७ ऑगस्ट

एकटाच वर गेलो. मध्ये न थांबता गेलो असतो तर मेलो असतो, म्हणून ओढ्याकाठी तीनदा आडवा झालो. एजे मागच्या बाजूला दही घुसळत होती. तंबूत चार जण झोपले होते, तिच्या गाद्यांवर.

मी विचारलं, "जेझदेंचे मेंढे कुठेत?"

"बस, चहा घे."

"एजे, मेंढे कुठेत?"

"खाल्ले लोकांनी. शेवटचा त्या दिवशी तुझ्या पाव्हण्यानं खाल्ला." घुसळणं थांबवलं नाही. "गावच्या मेंढ्याला हात लावता येत नाही, ते तुलाही ठाऊक आहे. दारात आलेल्याला नुसता चहा पाजून वाटेला लावू? पहिले आले तेव्हा वाटलं, दोन-चार जण आहेत. मग रोज यायला लागले. सगळे आल्या आल्या एकच म्हणतात, मुकाश, मुकाश. दुसरा शब्द येत नाही त्यांना आपला."

"मग कळवायचं नाही का मला?"

"काय कळवू? तुझ्या नावानं माणसं येतायत, त्यांना उपाशी पाठवलं तर तोंड कुणाचं काळं होईल? निरोप पाठवला होता, ये म्हणून. तुला वेळ नव्हता."

मी म्हटलं, "मला खालच्या तंबूवाल्यांसारखी पाटी लावता आली असती..."

तेव्हा ती पहिल्यांदा चिडली. "पाटी लाव नाहीतर डोंगर विक. मी त्या लोकांवर रागावले नाही. बिचारे शहाण्यासारखे वाढेल तेवढं खातात, पैसे देत नाहीत, कारण तूच तसं शिकवलंस. मी तुझ्यावर रागावलेय. तू माझं दार उघडून दिलंस आणि स्वतः बाहेरूनच पाहत राहिलास. घरचा माणूस असतास तर एक दिवस येऊन लाकडं फोडली असतीस."

मी तिथेच रडलो. चाळीस वर्षांनी तिच्यासमोर रडलो. तिनं जवळ घेतलं नाही, चहासुद्धा विचारला नाही पुन्हा. लाकडं फोडायला गेलो तर कंबर अडकली आणि त्या झोपलेल्या चौघांतल्याच एकानं मला उचलून गाडीत ठेवलं.

१० ऑगस्ट

तो लेख काढून टाकला. काही उपयोग नाही. शंभर जणांनी उतरवून आपापल्या ब्लॉगवर टाकलाय, नकाशासकट. मारेकनं अजून लिहिलं नव्हतं. त्याला पत्र घातलं, लिहू नकोस. त्यानं उत्तर दिलं: लिहिणारच नव्हतो.

गुल्सुन म्हणाली, "लिही की म्हातारी आता कुणाला दारात उभं करत नाही."

एजेबद्दल असं लिहू? आमच्याकडे बाईला चोर म्हटलेलं चालतं, चिक्कू म्हटलेलं नाही. तीन पिढ्या बोलतील. पूल वाहून गेला असं लिहावं तर सायकलवाल्यांना वाहून गेलेले पूल फार आवडतात.

१२ ऑगस्ट

शेवटी हे लिहिलं: "मी मुकाश. सारी-बुलाकबद्दल जे लिहिलं ते सगळं माझ्या मनचं आहे. तिथे माझी कुणी बहीण नाही. मी तिथे कधी गेलोही नाही. प्रसिद्धीसाठी थाप मारली. जे तिथे जाऊन आलो म्हणतात ते दुसरीकडेच कुठेतरी जेवले असतील." ज्यांनी ज्यांनी उतरवून घेतलं होतं, त्या प्रत्येकाच्या लेखाखाली हे चिकटवलं. दोन दिवस तेच केलं.

"तिथे माझी कुणी बहीण नाही" हे वाक्य लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

१८ ऑगस्ट

शिव्या येतायत, निरनिराळ्या भाषांत. यंत्र त्यांचं भाषांतर फार छान करतं. दातवाल्या बाईनं मला 'नवख्यांनी काय करू नये' या यादीत घातलंय, माझ्या हसऱ्या फोटोसकट. वाचनालयातली बाई रस्ता बदलून गेली.

ट्रकवाला सांगत होता, गेल्या आठवड्यात वर एकच सायकलवाला आला, तोही चुकून.

२५ ऑगस्ट

आज गाडी दिली. आत-बाशीच्या जनावरांच्या बाजारात एका मेंढपाळाला पोरीच्या लग्नात द्यायला गाडी हवी होती. बावीस वर्षांतली ही तिसरी गाडी, पण हिच्याएवढी कुठलीच ऐकायची नाही माझं. त्यानं बॉनेट उघडून बघितलं, मी मेंढ्यांचे दात बघितले. सात ठरले, चांगले, मोठे. वर त्यानं एक जुनं खोगीर दिलं. घोडा नाही, नुसतं खोगीर.

त्याच्या पोरीनं गाडी सुरू केली आणि गाडीनं तिसऱ्या गिअरवर कुरकुर केली तेव्हा मी तोंड फिरवलं. गुल्सुन सोबत आली होती. तिनं माझ्या खांद्यावरचं गवत झटकलं. मग तिनं तिच्या लाल ओढणीच्या सात पट्ट्या फाडल्या.

मेंढे ट्रकवाल्याबरोबर वर पाठवले. निरोप काही दिला नाही. काय देणार?

३१ ऑगस्ट

वरून काहीच निरोप नाही. पीठसुद्धा मागितलं नाही.

१४ सप्टेंबर

आज जेझदेंचं वर्ष झालं. कुरणावरून सगळे खाली आलेत, गावात एजेच्या अंगणात पाच चुली पेटल्या होत्या. आम्ही शेजाऱ्याच्या गाड्यातून गेलो, गवतावर बसून. तीन गावं लोटली होती. माझी थाप गावातही पोचली होती, कारण दोघांनी मला "काय, बहीण सापडली का?" असं विचारलं.

एजे बायकांत होती. माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि कामाला लागली. मला कुठे बसावं कळेना. एका म्हाताऱ्यानं सतरंजीवर सरकून जागा केली, "बसा," म्हणाला. पाय दुमडून बसलो. माझ्या पुढ्यात नान आणून ठेवला कुणीतरी. तो मला तोडवेना. एवढं परकं मला बिश्केकच्या दवाखान्यातसुद्धा वाटलं नव्हतं.

तेवढ्यात एजे आली. एका हातात लांब तोटीची किटली, दुसऱ्यात घंगाळ, खांद्यावर टॉवेल.

"मुकाश, इथे काय बसलास देवासारखा? माणसं जेवायची खोळंबलीत. ऊठ, हातावर पाणी घाल."

मी उठलो. कंबरेतून कळ गेली ती थेट टाचेपर्यंत. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम घरातल्या धाकट्याचं. सगळ्यात म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात केली, उजवीकडून, प्रत्येकापुढे वाकून. दोनशे माणसं असतील. तिसऱ्या रांगेत पलीकडच्या खोऱ्यातला एक माणूस बसला होता, मला न ओळखणारा. हात पुढे करून त्यानं शेजारून जाणाऱ्या एजेला विचारलं, "हा कोण? कामाला बोलावलाय?"

"माझा भाऊ आहे," एजे म्हणाली. "घरचा आहे." आणि पुढे गेली.

मी त्या माणसाच्या हातावर एवढं पाणी ओतलं, की त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.